सोन्याचें ओसाड गांव

ओसाड गांव म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पडकीं जोतीं, निवडुंगांत बुडालेली एखादी समाधि आणि सांजवात न लागणारें देऊळ उभें राहतें. आपल्याकडे गांव उठतें तें रोगराईमुळें, दुष्काळामुळें किंवा धरणाच्या पाण्यामुळें. आणि उठतांना माणूस घराची तुळई, दाराची चौकट, जातें, पाटा, देव्हारा, जें जें नेतां येईल तें तें बरोबर घेऊन जातो. मागें राहतात ते केवळ दगड. परंतु जेथील माणसें टेबलावरील बशा, दुकानांतील डबे आणि शाळेच्या बांकांवरील पुस्तकें तशींच ठेवून निघून गेलीं, असें गांव मीं आजवर पाहिलें नव्हतें. तो योग गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत आला. त्या गांवाचें नांव बोडी.

कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व कडेला सिएरा नेवाडा नांवाची पर्वतांची प्रचंड रांग आहे. तिच्या पलीकडे, ब्रिजपोर्ट या लहानशा गांवाच्या दक्षिणेस सुमारें सात मैलांवर, मोठा रस्ता सोडून पूर्वेकडे वळावें लागतें. तेथून बोडी तेरा मैल. त्यांपैकीं शेवटचे तीन मैल खडीचे व धुळीचे. दोन्ही बाजूंस झाड म्हणून नाहीं. राखाडी रंगाचीं, उग्र वासाचीं खुरटीं झुडपें तेवढीं दूरवर पसरलेलीं. गांवाची उंची सुमारें ८,४०० फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या जवळजवळ दुप्पट. मुलगी, जांवई आणि आठ वर्षांची नात यांच्यासह आम्ही सकाळीं तेथें पोंचलों, तेव्हां ऐन उन्हाळ्यांतही अंगावर शाल घ्यावी लागली. हिंवाळ्यांत येथें घरांच्या छपरांपर्यंत बर्फ सांचतें आणि मोटारीचा रस्ता बंदच होतो.

एवढ्या आडरानांत, जेथें धान्य पिकत नाहीं व सरपणही मिळत नाहीं, तेथें माणसें वस्तीला कां आलीं, याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें : सोनें. १८५९ सालीं बोडी नांवाच्या एका माणसाला या टेकड्यांत सोन्याचा माग लागला. त्याच हिंवाळ्यांत शिधासामग्री घेऊन परततांना तो बर्फाच्या वादळांत सांपडला आणि मरण पावला. ज्याच्या नांवानें गांव वसलें त्याला तें गांव पाहावयास मिळालेंच नाहीं. त्याच्या नांवाचें मूळचें स्पेलिंगसुद्धां पुढें एका पाटी रंगविणारानें बदलून टाकलें, असें तेथें सांगतात. पुढें पंधरा-सोळा वर्षें हें ठिकाण किरकोळच राहिलें. १८७५ च्या सुमारास एका खाणीचा भाग कोसळला आणि आंत दडलेला सोन्याचा समृद्ध थर उघडा पडला. ‘स्टँडर्ड’ नांवाच्या कंपनीनें ती खाण घेतली आणि मग लोकांची जी रीघ लागली ती विचारूं नये. १८८० च्या सुमारास येथें सात ते दहा हजार वस्ती होती असें म्हणतात. सुमारें दोन हजार इमारती उभ्या राहिल्या. एक मैल लांबीच्या मुख्य रस्त्यावर दारूचे गुत्तेच साठांहून अधिक होते! गांवाची ख्याति अशी कीं, आईबापांबरोबर येथें राहावयास निघालेल्या एका मुलीनें रात्रीच्या प्रार्थनेंत देवाचा कायमचा निरोप घेतला, अशी आख्यायिका झाली. बोडीच्या अभिमानी लोकांचें म्हणणें असें कीं, मुलगी आनंदानें देवाची शपथ घेऊन बोलली. ऐकणारांनीं शब्द भलत्याच ठिकाणीं तोडले!

हा सारा थाट फार तर पांच-सहा वर्षांचा. १८८२ पासून लोक दुसऱ्या खाणींकडे वळूं लागले. १८९२ सालीं मोठी आग लागली. त्यानंतर नव्या युक्त्यांमुळें गांवांत पुन्हां थोडी धुगधुगी आली. परंतु १९३२ सालीं दुसरी आग लागली आणि तिनें बहुतेक गांव खाऊन टाकलें. ती एका लहान मुलाच्या काड्यांच्या खेळामुळें लागली असें सांगतात. १९४२ सालीं युद्धामुळें सरकारनें सोन्याच्या खाणी बंद करविल्या, त्याच वर्षीं टपाल कचेरी मिटली, आणि गांव संपलें. दोन हजारांपैकीं आज सुमारें एकशें दहा इमारती उभ्या आहेत.

त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे टेकडीच्या उतारावरची राखाडी पत्र्याची स्टँडर्ड गिरणी. खाणींतून आलेला खडक येथें वीस लोखंडी मुसळांखालीं रात्रंदिवस कांडला जाई; त्या भुकटीवर पारा घालून सोनें धरीत, आणि मग पारा उडवून सोनें वेगळें करीत. आपल्या घरांतील उखळ-मुसळ ज्यानें पाहिलें आहे त्याला ही कृति समजावयास वेळ लागणार नाहीं. फरक एवढाच कीं येथें कांडप कधीं थांबत नसे. यंत्रांस वाफ लागे, वाफेस लांकूड लागे, आणि लांकूड तर आसपास नव्हतें. म्हणून १८८१ सालीं मोनो सरोवराच्या दक्षिणेकडील जंगलापर्यंत बत्तीस मैलांचा स्वतंत्र लोहमार्ग घातला गेला. जगांतील दुसऱ्या कोणत्याही लोहमार्गास तो जोडलेला नव्हता. तोही खर्च परवडेना, तेव्हां १८९२-९३ मध्यें तेरा मैलांवरील एका ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करून ती तारेनें या गिरणीपर्यंत आणली. इतक्या दूरवर वीज नेऊन यंत्रें चालविण्याचा हा अगदीं आरंभींच्या प्रयोगांपैकीं एक. वळणावर वीज तारेंतून उडून जाईल या भीतीनें तारा अगदीं सरळ रेषेंत नेल्या होत्या, अशी गोष्ट तेथें मोठ्या कौतुकानें सांगतात.

मला छायाचित्रांचा नाद जुना आहे. गळ्यांत कॅमेरा अडकवून मी निघालों आणि पहिल्या तासाभरांत मला स्वर्ग दोन बोटें उरला. सकाळचें तिरपें ऊन जुन्या फळ्यांवर पडलें कीं लांकडाच्या रेषा न् रेषा उठून दिसतात. कोरड्या थंड हवेमुळें येथील लांकूड कुजत नाहीं. उन्हानें तें तपकिरी होतें, वाऱ्यानें घांसलें जातें आणि मऊ भाग झिजून कठीण शिरा तेवढ्या वर राहतात. डबे उघडून, सपाट करून भिंतींस व छपरांस ठोकलेले पत्रे आतां गंजून केशरी झाले आहेत. एका बाजूस कललेलें, लांकडी टेकूंच्या आधारानें उभें असलेलें जुनें हॉटेल तर वाकलेल्या म्हाताऱ्यासारखें दिसतें. त्याचे मीं निरनिराळ्या कोनांतून दहा-बारा फोटो घेतले. प्रत्येक वेळीं मनांत म्हणें, ‘वाहवा, काय झीज आहे! काय रंग आहे!’

माझी मुलगी मागें उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, “बाबा, मघांपासून तुम्ही भिंतींचेच फोटो काढतां आहांत. या घरांत स्वयंपाक कुठें होत असेल, तें पाहिलेंत का?”

मी थबकलों. खरोखरच मीं तें पाहिलें नव्हतें. कोणाच्या तरी घराची पडझड मला सुंदर दिसत होती, आणि तें घर कोणाचें, हा प्रश्न मनांत आलाच नव्हता. आपला वाडा ढांसळत असतां कोणी परका येऊन ‘वाहवा’ म्हणूं लागला, तर आपणांस काय वाटेल?

तेव्हांपासून मी भिंतींकडे पाठ करून खिडक्यांपाशीं गेलों. बोडींतील बहुतेक घरें कुलूपबंद आहेत. एखादें दुसरेंच आंत जाऊन पाहतां येतें. बाकीचीं खिडकीच्या कांचेंतून पाहावयाचीं. ज्यांना असे फोटो घ्यावयाचे असतील त्यांच्यासाठीं एक युक्ति सांगून ठेवितों. कॅमेऱ्याचें भिंग कांचेस अगदीं टेकवावें आणि भोंवतीं काळें कापड किंवा टोपी धरावी. म्हणजे आपलें व आकाशाचें प्रतिबिंब येत नाहीं. आंत उजेड कमी असतो, म्हणून कॅमेरा चौकटीवर घट्ट दाबून, श्वास रोखून कळ दाबावी. घाई केली तर खोली दिसण्याऐवजीं स्वतःचाच चेहरा पदरीं पडतो.

अशा रीतीनें मीं एक लोखंडी चूल पाहिली. एका घरांत लोखंडी खाट आणि भिंतीवरून सोलून लोंबणारा फुलाफुलांचा कागद होता. जेथें बाहेर एक फूल उमलत नाहीं तेथें कोण्या गृहिणीनें तो कागद निवडून आणला असेल! बूनच्या दुकानांत फळ्यांवर मालाचे डबे अजून रांगेनें मांडलेले आहेत. शाळेंत बांकें, पुस्तकें आणि पृथ्वीचा गोल आहे. प्रेतागाराच्या खिडकींतून शवपेट्या दिसतात, आणि त्यांत एक लहान मुलाच्या मापाची आहे. ती पाहिल्यावर माझा हात कॅमेऱ्याकडे गेला नाहीं. नातीनें विचारलें, “आजोबा, ती पेटी कशाची?” तिला काय सांगावें हें सुचेना, मीं तिचा हात धरून पुढें नेलें.

गांवाबाहेर टेकडीवर स्मशानभूमि आहे. तेथें एका तीन वर्षांच्या मुलीच्या थडग्यावर संगमरवरी देवदूत बसविला आहे. १८९७ सालीं ती खेळतां खेळतां मागून आली आणि कुदळ मारणाऱ्या माणसाच्या अनवधानानें मारली गेली. १८७८-७९ च्या हिंवाळ्यांत थंडीनें व रोगानें कितीतरी माणसें येथें गेलीं. त्यांपैकीं बहुतेकांच्या नांवाचा दगडही नाहीं. सोन्याच्या गांवाचा हा दुसरा हिशेब होय.

आणि कांहींचा तर हिशेबच उरलेला नाहीं. गांवाच्या एका टोंकाला चिनी लोकांची मोठी वस्ती होती. गांवाला भाजीपाला पुरविणें, लांकूड व कोळसा वाहून आणणें, कपडे धुणें हीं कामें ते करीत. त्यांचें देवालयही होतें. आज तेथें मोकळ्या जमिनीशिवाय जवळजवळ कांहीं नाहीं. या प्रदेशाचे मूळचे रहिवासी जे पायूट लोक, त्यांच्या घराची खूण या रस्त्यांवर शोधून सांपडत नाहीं. उभ्या असलेल्या घराचा फोटो निघतो. नसलेल्या घराचा निघत नाहीं. म्हणून छायाचित्रांवरून जो इतिहास वाचील त्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, चित्रांत जे दिसतात ते बहुधा ज्यांचें घर टिकलें तेच असतात.

उरलेलीं घरें तरी टिकलीं कशीं? हवा कोरडी आणि गांव आडबाजूला, हें एक कारण. दुसरें कारण म्हणजे केन नांवाचें कुटुंब. जेम्स केन हा गृहस्थ तरुणपणीं, १८७९ सालीं, येथें आला, व्यापारांत व पेढींत पुढें आला, आणि लोक सोडून जाऊं लागले तसतशा त्यांच्या मिळकती त्याच्याकडे येत गेल्या. गांव ओस पडल्यावरही त्या कुटुंबानें पहारेकरी ठेवून तें राखलें. १९६२ सालीं तें कॅलिफोर्निया राज्यानें ऐतिहासिक उद्यान म्हणून आपल्या ताब्यांत घेतलें. तेव्हांपासून येथें एकच नियम चालतो, त्याला ‘थोपविलेला क्षय’ म्हणावें. घर पडूं द्यावयाचें नाहीं, आणि नवेंही करावयाचें नाहीं. छप्पर गळत असेल तर तें तसल्याच लांकडानें शिवावयाचें, पाया खचला तर खालून आधार द्यावयाचा, फुटलेली कांच बसवावयाची. परंतु रंग द्यावयाचा नाहीं, वांकलेली भिंत सरळ करावयाची नाहीं, टेबलावरची धूळ पुसावयाची नाहीं. २०१६ च्या डिसेंबरांत या भागांत भूकंप झाले व कांहीं इमारतींस इजा पोंचली, तेव्हां हेंच काम पुन्हां करावें लागलें.

नियम ऐकावयास सोपा, पण पाळणें कठीण. कारण माणसाचे दोनच स्वभाव. जुनें दिसलें कीं एकतर तें पाडून नवें बांधावें, नाहींतर त्यांतला तुकडा खिशांत घालावा. १८८२ सालीं बांधलेल्या तेथील मेथॉडिस्ट चर्चमध्यें धर्माच्या दहा आज्ञा मेणकापडावर रंगवून लावल्या होत्या. त्यांत ‘चोरी करूं नकोस’ ही आज्ञाही होती. तें कापडच कोणीतरी चोरून नेलें! आम्हीं ही गोष्ट ऐकली तेव्हां सारेच हंसलों. त्या हंसण्याचें उत्तर आम्हांला तिसऱ्या प्रहरीं मिळालें.

खाणकामगारांच्या संघाची १८७८ सालची इमारत आतां संग्रहालय आहे. तेथें यात्रेकरूंनीं परत पाठविलेल्या वस्तूंविषयीं व पत्रांविषयीं सांगतात. बोडींतून कांहीं नेलें तर शाप लागतो अशी समजूत पसरली आहे. कोणी खिळा नेला आणि नोकरी गेली. कोणी बाटलीचा तुकडा नेला आणि घरांत आजार आला. मग क्षमेच्या पत्रासह ती वस्तु टपालानें परत येते. शापाची गोष्ट खरी-खोटी कशीही असो, पत्रें खरीं आहेत.

परतीच्या वाटेवर खडीचा रस्ता संपत आला असतां नातीची मूठ घट्ट मिटलेली तिच्या आईला दिसली. उघडून पाहिली तों चौकोनी दांड्याचा एक गंजका खिळा! पूर्वीं असे खिळे लोखंडी पट्टीपासून कापून करीत. आतांचे गोल तारेचे असतात. शाळेच्या खिडकीखालीं मातींत तो तिला सांपडला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलें. “एवढासा तर आहे,” ती म्हणाली, “तिथें असे पुष्कळ आहेत.”

मुलगी मजकडे पाहूं लागली. बाहेर ऊन उतरलें होतें, सर्वांना भूक लागली होती, आणि उद्यान बंद होण्यास फार वेळ उरला नव्हता. खिळा टपालानें पाठवितां आला असता, कोणी विचारीतही नव्हतें. मीही एक क्षण तोच विचार केला, हें कबूल करावयास हवें. परंतु जांवई कांहीं न बोलतां गाडी वळविते झाले. तीन मैल धुळींतून आम्ही पुन्हां गेलों. रखवालदारानें रागाचा एक शब्दही काढला नाहीं. “कोठें होता तें आठवतें का?” एवढेंच त्यानें नातीला विचारलें. तिला आठवत होतें. तिनें तो जागच्या जागीं, ज्या बाजूस टोंक होतें त्याच बाजूस ठेवला आणि मला म्हणाली, “आजोबा, आतां याचा फोटो काढा. मग तो आपल्याकडेही राहील.”

दिवसभरांत मीं जितके फोटो घेतले त्यांत छायाचित्रकलेची योग्य व्याख्या एवढीच हातीं लागली, आणि ती आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून.

घरीं परत आल्यावर मीं आमच्या घराण्यांतील जुने फोटो काढून पाहिले. पुण्यांतील आमचा वाडा पाडून त्या जागीं सदनिका झाल्या त्याला आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. फोटो शेंदीडशें तरी असतील. मुंजी, लग्नें, डोहाळजेवणें, शालजोडी पांघरून खुर्चीवर बसलेले आजोबा. सर्वांच्या मागें पडदा किंवा भाड्यानें आणलेल्या कुंड्या. माजघराचा एकही फोटो नाहीं. आजी ज्या चुलीपुढें पन्नास वर्षें बसली ती चूल नाहीं, परसांतील हौद नाहीं, जिन्याच्या अंधाऱ्या वळणावरचा कोनाडा नाहीं, आम्हां भावंडांच्या उंचीच्या रेघा ज्या खांबावर मारल्या होत्या तो खांब नाहीं. रोजचें होतें म्हणून कोणाला तें टिपून ठेवावेंसें वाटलें नाहीं. सात समुद्रांपलीकडच्या अनोळखी गृहिणीच्या चुलीचें चित्र मजजवळ आहे. माझ्या आजीच्या चुलीचें नाहीं.

सगळींच घरें राखतां येत नाहींत. वाटण्या होतात, मुलें दूर जातात, छप्परें गळतात, आणि जेथें माणसें राहावयाचीं तेथें तीं सोयीनें राहिलीं पाहिजेत. वाड्याचें बोडी करून चालणार नाहीं. परंतु आज प्रत्येकाच्या हातांत कॅमेरा आहे. ज्यांच्या घरीं अजून जुनें स्वयंपाकघर, देवघर, माळा किंवा अंगण उरलें आहे त्यांनीं एक सकाळ काढावी. आवराआवर करूं नये, पडदा लावूं नये. जें जेथें आहे तें तेथें असूं द्यावें, वडील माणसांस त्यांच्या नेहमींच्या जागीं बसवावें, आणि फोटोच्या मागें ती जागा कोणाची व तेथें काय होत असे हें दोन ओळींत लिहून ठेवावें. लिहितांना घरांतील मुलांना जवळ बसवावें, म्हणजे कोणत्या गोष्टी लिहावयाच्या राहिल्या तें तींच विचारतील.